अर्थसंकल्पात कंपनी कर कसा वाचावा

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘रुपया असा येतो, रुपया असा जातो’ हे गोल चित्र हमखास छापून येते. २०२५-२६ च्या चित्रात रुपयातले १७ पैसे कंपन्यांच्या करातून, २२ पैसे प्राप्तिकरातून, १८ पैसे वस्तू व सेवा करातून आणि २४ पैसे कर्जातून येणार असे दाखवले होते. बहुतेकांचे अर्थसंकल्पाचे वाचन तेथेच संपते. मग त्या १७ पैशांवरून कोणी म्हणतो की कंपन्यांना मोकळे सोडले आहे, तर कोणी म्हणतो की त्यांच्यावरचा बोजा असह्य झाला आहे. दोन्ही विधाने तपासून पाहता येतात. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तीन-चार सरकारी कागद, एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल, साधा कॅल्क्युलेटर आणि दोन निवांत संध्याकाळी पुरतात. हे कागद कोणत्या क्रमाने उघडावेत आणि कोणता आकडा कशाशी ताडून पाहावा, ते पुढे सांगितले आहे.

कोणते कागद घ्यावेत

राज्यघटनेत ‘अर्थसंकल्प’ हा शब्दच नाही. अनुच्छेद ११२ मध्ये ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ असा उल्लेख आहे आणि आपण ज्याला अर्थसंकल्प म्हणतो, तो या विवरणपत्राभोवती जमलेल्या डझनभर पुस्तिकांचा संच असतो. हा संच केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या अर्थसंकल्पीय संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. आपल्या कामासाठी त्यातील तीन पुस्तिका पुरेशा आहेत. ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ म्हणजे सगळ्या व्यवहाराचा गोषवारा. ‘रिसीट बजेट’ म्हणजे जमेचा तपशील, ज्याच्या शेवटी असलेली परिशिष्टे आपल्याला फार उपयोगी पडणार आहेत. तिसरे वित्त विधेयक, ज्यात करांचे दर आणि सवलती प्रत्यक्ष बदलल्या जातात. अर्थमंत्र्यांचे भाषण मात्र सर्वांत शेवटी वाचावे, कारण कशावर भर द्यायचा हे भाषण करणाऱ्याने ठरवलेले असते, आणि आकड्यांच्या रकान्यांना तसे करता येत नाही.

वाचायला बसण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करावा. सरकार एखाद्या उद्योगाला १०० कोटी रुपये अनुदान देते, तेव्हा ती रक्कम अनुदानाच्या मागणीत, म्हणजे खात्याने खर्चासाठी लोकसभेपुढे ठेवलेल्या मागणीत, दिसते, लोकसभेत त्या मागणीवर मतदान होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे हवे असतील तर पुन्हा मागावे लागतात. त्याच उद्योगाला १०० कोटी रुपयांचा कर माफ केला, तर तिजोरीवर परिणाम तोच होतो. पण ती रक्कम कोणत्याही मागणीत दिसत नाही आणि कायद्यातील तरतूद मुदत संपेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत आपोआप चालू राहते. करसवलत हा खर्चच आहे, फक्त तो खर्चाच्या बाजूला लिहिला जात नाही. कंपन्यांवरील कर न्याय्य आहे की नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या न लिहिलेल्या खर्चात असते.

गोषवारा वाचताना

‘बजेट ॲट अ ग्लान्स’ उघडल्यावर आधी चार आकडे वहीत उतरवून घ्यावेत. २०२५-२६ च्या अंदाजात एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी रुपये, राजकोषीय तूट (कर्जाने भरून काढायचा खर्च) १५,६८,९३६ कोटी रुपये म्हणजे सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ४.४ टक्के, व्याजाचा भार १२,७६,३३८ कोटी रुपये आणि कंपनी कर १०,८२,००० कोटी रुपये होता. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशातील सगळ्या कंपन्यांकडून वर्षभरात मिळणारा कर जुन्या कर्जांच्या व्याजालाही पुरत नाही. त्यामुळे कंपनी करात सूट देण्याची चर्चा उद्योगांपुरती राहत नाही. सोडून दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाकडून घ्यावा लागतो, खर्चातून कापावा लागतो किंवा उसना आणावा लागतो.

येथे टक्केवारीचा एक सापळा आहे. चित्रातले १७ पैसे आणि ‘एकूण करांत कंपनी कराचा वाटा सुमारे २५ टक्के’ हे वाक्य, दोन्ही बरोबर आहेत. चित्राचा पाया फार मोठा असतो, कारण त्यात कर्जही येते आणि राज्यांना द्यायचा वाटाही येतो. २५ टक्के हे प्रमाण ४२,७०,२३३ कोटी रुपयांच्या ढोबळ कर महसुलाशी काढलेले आहे. कोणी वाटा सांगितला की ‘कशाचा वाटा?’ हे आधी विचारावे.

आता तीन रकान्यांकडे वळू. प्रत्येक तक्त्यात अंदाजपत्रकीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम असे रकाने असतात, आणि ते वेगवेगळ्या वर्षांचे असल्यामुळे एकाच वर्षाची गोष्ट पुरी कळायला लागोपाठ तीन अर्थसंकल्प चाळावे लागतात. २०१९-२० चे वर्ष घ्या. जुलै २०१९ मध्ये कंपनी कराचा अंदाज ७,६६,००० कोटी रुपये होता, सुधारित अंदाजात तो ६,१०,५०० कोटींवर आला आणि प्रत्यक्ष जमा झाले ५,५६,८७६ कोटी रुपये. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दोन लाख कोटींहून अधिक अंतर पडले. आधीच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, ६,६३,५७२ कोटी रुपये आले होते. म्हणजे जमा नुसती अंदाजापेक्षा कमी झाली नाही, ती गतवर्षापेक्षाही घसरली.

याचे मोठे कारण २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात जाहीर झाले. वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन तेथे गेल्या होत्या आणि बैठकीपूर्वीच त्यांनी कंपनी कराच्या दरातील कपात जाहीर केली. ही कपात अर्थसंकल्पात नव्हती. ती वर्षाच्या मध्यात अध्यादेशाने आली आणि तिच्यामुळे १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असे सरकारनेच सांगितले होते. मात्र सगळी घसरण एकट्या कपातीच्या नावावर लिहू नये. त्या वर्षी अर्थव्यवस्थाही मंदावलेली होती आणि नफाच कमी असला की दर कितीही असला तरी कर कमीच येतो. कपातीचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर कराच्या रकमेपेक्षा कराचे देशाच्या उत्पन्नाशी असलेले प्रमाण बघावे. २०१८-१९ मध्ये कंपनी कर सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे साडेतीन टक्के होता. २०२५-२६ च्या अंदाजात तो सुमारे तीन टक्के येतो. रुपयांतली रक्कम मात्र या काळात बरीच वाढली आहे. ‘विक्रमी वसुली’ आणि ‘घटलेला वाटा’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, ती अशी.

दर किती आणि प्रत्यक्ष कर किती

वित्त विधेयकात छापलेला दर हा मूळ दर असतो. त्यावर अधिभार, आणि मग या दोन्हींच्या बेरजेवर उपकर लागतो, म्हणून नुसती बेरीज न करता गुणाकार करावा. २०१९ च्या कपातीने आलेल्या नव्या पर्यायातील २२ टक्क्यांवर १० टक्के अधिभार धरला की २४.२ होतात आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला की २५.१७. जुन्या पर्यायात राहिलेल्या मोठ्या कंपनीचा ३० टक्के दर, १२ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून ३४.९४ टक्क्यांपर्यंत जातो. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होऊन ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नव्या कारखानदार कंपन्यांना १५ टक्के मूळ दर, म्हणजे सर्व मिळून १७.१६ टक्के लागू होतो.

२२ टक्क्यांचा पर्याय घेणाऱ्या कंपनीला बहुतेक जुन्या वजावटी सोडाव्या लागतात, त्या बदल्यात तिला किमान पर्यायी करही लागत नाही. हा किमान कर का आला, ते ठाऊक असावे. भागधारकांना घसघशीत नफा आणि लाभांश दाखवायचा, पण वजावटींच्या आधारे प्राप्तिकर मात्र शून्य भरायचा, अशा ‘शून्य कर’ कंपन्या ऐंशीच्या दशकात चर्चेत होत्या. त्यांना आवर घालण्यासाठी १९८७-८८ पासून पुस्तकी नफ्यावर, म्हणजे भागधारकांना दाखवलेल्या नफ्यावर, किमान कर आला, १९९० च्या सुमारास गेला आणि १९९६-९७ मध्ये पुन्हा आला. तरतुदींचे कलम क्रमांक पाठ करत बसू नये; १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने ते क्रमांक बदलतात.

आता ‘रिसीट बजेट’च्या शेवटी जावे आणि करसवलतींच्या महसुली परिणामाचे विवरणपत्र शोधावे. गेल्या काही वर्षांत ते सातव्या परिशिष्टात असते. २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून ‘सोडलेला महसूल’ या नावाने ते छापले जाऊ लागले, आणि माझ्या मते आपल्या अर्थसंकल्पातील ही सर्वांत कमी वाचली जाणारी आणि सर्वांत जास्त सांगणारी पाने आहेत. कंपन्यांच्या विवरणपत्रांवरून कोणत्या वजावटीमुळे किती कर सुटला, हे येथे ओळीवार दिलेले असते: वेगवान घसारा (यंत्रांची झीज सुरुवातीच्या वर्षांत जास्त धरून मिळणारी वजावट), विशेष आर्थिक क्षेत्रांतील निर्यातीचा नफा, वीजप्रकल्प, देणग्या. शेजारीच कंपन्यांच्या नफ्याच्या गटांनुसार प्रभावी कर दर असतो, म्हणजे भरलेला एकूण कर भागिले करपूर्व नफा. सगळ्या कंपन्यांचा मिळून हा दर २०१८-१९ मध्ये सुमारे २८ टक्के होता आणि २०१९-२० मध्ये तो साडेबावीस टक्क्यांच्या आसपास आला.

गटवार तक्ता नीट पाहावा. २०१९ पूर्वीच्या बऱ्याच वर्षांत एक कोटीपर्यंत नफा असलेल्या कंपन्यांचा प्रभावी दर पाचशे कोटींहून अधिक नफा असलेल्या कंपन्यांपेक्षा जास्त असे. कायद्यात लहानांवर जास्त कर लावावा असे कुठेही लिहिलेले नव्हते. मोठ्या यंत्रसामग्रीवरचा घसारा, पायाभूत प्रकल्पांची सूट आणि विशेष क्षेत्रात कारखाना टाकण्याची ऐपत मोठ्यांकडे होती, एवढेच त्याचे कारण. २०१५ च्या भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी दर ३० वरून २५ टक्क्यांवर आणतानाच सवलती टप्प्याटप्प्याने काढण्याचा आराखडा मांडला होता, तो या विसंगतीच्या संदर्भात वाचावा.

या विवरणपत्रातला प्रत्येक आकडा म्हणजे कंपन्यांना दिलेली भेट असे मानू नये. सवलत काढली तरी व्यवहार होता तसाच राहील, हे गृहीत धरून हिशेब केलेला असतो आणि ते गृहीतक टिपांमध्ये स्पष्ट दिलेले असते. वेगवान घसाऱ्यात तर कर बहुतांशी माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. शिवाय मूळ दर खाली आला की ज्या पट्टीने सवलत मोजायची ती पट्टीच आखूड होते; म्हणून जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करण्यापूर्वी कोणता दर आधार धरला आहे, हे टिपांत पाहून घ्यावे.

एखादी कंपनी तपासायची असेल तर

सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात तीन जागा पाहाव्यात: नफा-तोटा पत्रकातील कराची ओळ, हिशेबाच्या टिपांमधील कराचा ताळमेळ आणि रोख प्रवाह विवरणपत्रातील ‘भरलेला प्राप्तिकर’. समजा, एका कंपनीचा करपूर्व नफा १,००० कोटी रुपये आहे, चालू वर्षाचा कर १८० कोटी, स्थगित कर (यंदाच्या हिशेबात धरलेला, पण पुढे भरायचा) ६० कोटी आणि प्रत्यक्ष रोख भरलेला कर १७० कोटी. पत्रकात एकूण कर २४० कोटी दिसेल आणि कंपनी ‘आम्ही २४ टक्के कर देतो’ असे म्हणेल; तिजोरीत मात्र त्या वर्षी १७ टक्के गेले. कंपनी खोटे बोलत नाही. उरलेला कर पुढच्या वर्षांत देय आहे, एवढेच. पण दरवर्षी नवी यंत्रे घेणाऱ्या कंपनीचे ते ‘पुढचे वर्ष’ फार लांबणीवर पडते. म्हणून किमान पाच वर्षांचा भरलेला कर आणि पाच वर्षांचा नफा यांची बेरीज करून मगच प्रमाण काढावे.

ताळमेळाची टीप म्हणजे २५.१७ टक्क्यांपासून प्रत्यक्ष दरापर्यंतची वाट असते आणि दर का घटला ते तिच्यात लिहिलेले असते. मागील तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो. उपकंपनीच्या लाभांशावर एकदा कर लागला असेल तर तो पुन्हा लागू नये म्हणून वजावट मिळते. या दोन्हींत आक्षेपार्ह काही नाही. परदेशी उपकंपन्यांचा कमी दर हे कारण वारंवार आणि मोठ्या रकमेने दिसले, तर मात्र तेथे थांबून त्या उपकंपन्या कोणत्या देशांत आहेत, तेथे कर्मचारी किती आणि नफा किती, हे पाहावे. एकत्रित (उपकंपन्यांसह) आणि स्वतंत्र (एकट्या कंपनीचे) अशी दोन्ही पत्रके उघडी ठेवावीत, कारण एकत्रित पत्रकातला सगळा कर भारताला मिळालेला नसतो. २०१९-२० हे वर्ष शक्यतो वगळावे. नव्या दरात जाताना अनेक कंपन्यांनी साठलेले स्थगित कर नव्याने मोजले आणि किमान करापोटी जमा असलेले श्रेय (पुढच्या करातून वळते करता येणारी रक्कम) सोडून दिले, त्यामुळे त्या वर्षीची ओळ कुठल्याच बाजूने प्रातिनिधिक नाही.

न्याय्य म्हणजे कोणाच्या तुलनेत

२०१८-१९ मध्ये कंपनी कर वैयक्तिक प्राप्तिकरापेक्षा बराच जास्त होता. २०२५-२६ च्या अंदाजात प्राप्तिकर १४,३८,००० कोटी आणि कंपनी कर १०,८२,००० कोटी आहे. ही उलथापालथ खरी आहे, पण ‘पगारदाराच्या खिशातून कंपन्यांना’ असे वाक्य लिहिण्याआधी दोन गोष्टी वजा कराव्यात. एक, लाभांश वितरण कर २०२० मध्ये रद्द झाला; तो कंपनी करात मोजला जात असे, आता लाभांशावरचा कर भागधारक भरतो आणि तो प्राप्तिकरात दिसतो. दोन, प्राप्तिकराच्या या रकान्यात पगारदारांबरोबर व्यापारी, भागीदारी संस्था आणि भांडवली नफा कमावणारेही असतात. एवढे वजा करूनही कल उरतोच.

माझ्या दृष्टीने त्याहून बोचणारी तुलना दुसरी आहे. इचलकरंजीत भागीदारीत यंत्रमाग चालवणाऱ्या संस्थेला नफ्यावर ३० टक्के मूळ दर लागतो, तर मुंबईतल्या बड्या कंपनीला २२ टक्के. कंपनीचा नफा लाभांश म्हणून वाटला की भागधारकाच्या हाती पुन्हा कर लागतो आणि भागीदाराचा वाटा करमुक्त असतो, हे खरे. पण नफा न वाटता धंद्यातच ठेवायचा असेल, तर वाढीसाठी भांडवल राखण्यात भागीदारी संस्था दर शंभर रुपयांमागे सरळ मागे पडते. दर ठरवताना ही बाजू कोणी मांडली होती का, हे वित्तविषयक स्थायी समितीच्या अहवालांत शोधण्यासारखे आहे.

राज्याच्या बाजूने हिशेब असा करावा. २२ टक्के दराच्या कंपनीने शंभर रुपये नफा मिळवला तर २५ रुपये १७ पैसे कर जातो. त्यातले २२ रुपये राज्यांशी वाटून घ्यायचे. अधिभार आणि उपकराचे ३ रुपये १७ पैसे अनुच्छेद २७० नुसार वाटपाबाहेर राहतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांना ४१ टक्के दिले, म्हणजे वसुलीचा खर्च बाजूला ठेवून सुमारे ९ रुपये. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, म्हणजे ५७ पैसे, आणि गोव्याचा ०.३८६ टक्के, म्हणजे साडेतीन पैसे. महाराष्ट्रातून सर्वाधिक प्रत्यक्ष कर जमा होतो हे आपण अभिमानाने सांगतो, पण देशभर पसरलेल्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत असल्यामुळे तो कर येथे नोंदला जातो; तो सगळा नफा येथेच झालेला असतो असे नाही. दर कमी झाले की राज्यांचे हे ९ रुपयेही कमी होतात, आणि त्या निर्णयात राज्यांना मत नसते.

राज्याच्या अर्थसंकल्पात कंपनी कर नसला तरी सवलती असतात. महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्य आपल्या वाट्याचा कर सरळ माफ करू शकत नाही, तो उद्योगाला अनुदान म्हणून परत द्यावा लागतो. त्यामुळे ही रक्कम उद्योग विभागाच्या मागणीत खर्च म्हणून छापली जाते आणि तिच्यावर विधानसभेत मतदान होते. त्याच योजनेतील विद्युत शुल्काची आणि मुद्रांक शुल्काची माफी मात्र त्या मागणीत येत नाही. एकाच योजनेचा अर्धा भाग उजेडात आणि अर्धा सावलीत असल्याचे हे चांगले उदाहरण आहे. आपल्या आमदाराला लेखी प्रश्न सुचवायचा असेल तर या सावलीतल्या भागाबद्दल, तालुकावार आकड्यांसह सुचवावा.

संसदेच्या पातळीवर खासदाराला लिहिताना ‘कंपन्यांवर कर वाढवा’ असे लिहून उपयोग नसतो. अमुक सवलतीमुळे अमुक वर्षी इतका महसूल सुटला असे रिसीट बजेट सांगते, तिची मुदत कधी संपते आणि तिचा अपेक्षित परिणाम झाला का, असा एकच प्रश्न पृष्ठ क्रमांकासह विचारावा. एकट्या कंपनीच्या कर विवरणपत्राची माहिती गोपनीय असते, ती मागण्यात वेळ घालवू नये. सवलतीनिहाय एकत्रित माहिती मागता येते, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे प्रत्यक्ष करांवरील अहवाल त्यासाठी आधाराला असतात.

वहीत प्रत्येक वर्षासाठी एक ओळ ठेवावी: कंपनी कराचा अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष जमा, देशांतर्गत उत्पन्नाशी प्रमाण, सुटलेला महसूल, प्रभावी दर. महालेखा नियंत्रकांचे मासिक लेखे मधल्या काळात उपयोगी पडतात आणि वर्षाचे तात्पुरते आकडे साधारण मेअखेर येतात. २०२५-२६ च्या १०,८२,००० कोटींसमोर प्रत्यक्ष रकमेचा रकाना २०२७-२८ चा अर्थसंकल्प हाती येईपर्यंत पेन्सिलीनेच भरावा.